काल्पनिक विमान, खरी हवा

धावपट्टीच्या टोकाशी उभे असलेले हे काळे, चपट्या पोटाचे विमान कोणत्याही कारखान्यात बांधले गेलेले नाही. या निवेदनापुरते आपण त्याला ‘शलाका’ म्हणू. ध्वनीच्या तिप्पट वेगाने, सुमारे 22 किलोमीटर उंचीवरून, शत्रूच्या रडारला शक्यतो न दिसता जायचे आणि दूरवरून येणाऱ्या लक्ष्याला वाटेतच अडवायचे, हे काम त्याच्या रचनाकाराने त्याला नेमून दिले आहे. ते उडते फक्त फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावरील आभासी उड्डाणात. मात्र ज्या हवेतून ते उडते ती हवा कोणाच्या कल्पनेतून आलेली नाही. समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअस तापमान, 1013.25 हेक्टोपास्कल दाब, पुढे 11 किलोमीटरपर्यंत दर किलोमीटरला साडेसहा अंशांची घट आणि त्यावर उणे 56.5 अंशांवर स्थिरावलेला थर, हे प्रमाण वातावरण खऱ्या विमानांच्या गणितात जसे धरतात तसेच ते सिम्युलेटरमध्येही धरलेले असते. म्हणूनच असे विमान नीट उडवायला शिकणे हा गंभीरपणे करण्याजोगा अभ्यास आहे, असे आम्हांला मनापासून वाटते.

शलाकाच्या जवळपास पोहोचलेले एक विमान खरोखर होऊन गेले. अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीचे वायएफ-12 हे इंटरसेप्टर (शत्रूच्या विमानाला वाटेतच अडवणारे विमान) 7 ऑगस्ट 1963 रोजी प्रथम उडाले आणि 1 मे 1965 रोजी त्याने ताशी 3,331.5 किलोमीटर वेगाचा विक्रम नोंदवला. त्याची क्षेपणास्त्रे पंखांखाली टांगलेली नसून पोटातील कप्प्यांत ठेवलेली असत. अशी तीनच विमाने बांधली गेली आणि ती प्रत्यक्ष सेवेत कधी दाखल झाली नाहीत. रडारपासून लपणे हाच ज्याच्या रचनेचा मुख्य हेतू होता ते एफ-117 हे विमान 18 जून 1981 रोजी प्रथम उडाले, परंतु त्याचा वेग ध्वनीपेक्षा कमी होता. कमाल वेग आणि कमाल अदृश्यता एका विमानात का नांदली नाहीत, या प्रश्नाचे उत्तर आपल्याला याच उड्डाणात पुढे मिळणार आहे.

थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) पुढे सरकतो, आफ्टरबर्नर (इंजिनाच्या झोतात जादा इंधन जाळून जोर वाढवणारी यंत्रणा) पेटतो आणि विमान धावपट्टी सोडते. इथवरचा भाग कोणत्याही जेट विमानासारखाच आहे. खरी कसोटी ध्वनिवेगाच्या उंबरठ्यावर सुरू होते. मॅक 0.95 ते 1.1 (मॅक 1 म्हणजे ध्वनीचा वेग) या पट्ट्यात हवेचा रोध एकाएकी वाढतो, आणि इंधनाने जड झालेले विमान चढतही राहील आणि वेगही घेईल इतका जोर इंजिनांकडे त्या वेळी उरत नाही. एसआर-71 या टेहळणी विमानाचे वैमानिक अशा वेळी सुमारे 33,000 फुटांवर नाक किंचित खाली करून थोडी उंची सोडत, त्या बदल्यात हा पट्टा चटकन ओलांडत आणि मग पुन्हा चढू लागत. शलाकामध्येही हेच करावे लागते. उंची सोडायला मन तयार होत नाही, आणि केवळ त्या हट्टापायी नवशिके वैमानिक मॅक 1च्या अलीकडेच टाकी अर्धी रिकामी करून बसतात.

ध्वनिवेग ओलांडला की पंखांवरील दाबाचे केंद्र मागे सरकते आणि नाक खाली झुकू लागते. जॉयस्टिक सतत मागे ओढून धरली तर रोध वाढतो. त्याऐवजी पुढच्या टाकीतील इंधन मागच्या टाकीत पंपाने ढकलून विमानाचा गुरुत्वमध्य मागे न्यायचा असतो. काँकॉर्ड हे प्रवासी विमान दर उड्डाणात असेच करीत असे. वेग कमी करताना तेच इंधन वेळेवर पुढे आणणे तितकेच आवश्यक असते. ते विसरल्यास विमान मागे जड होते आणि सावरण्यापलीकडे जाऊ शकते.

आता पडद्यावर इंजिनासमोरचा तो टोकदार शंकू पाहा. जेट इंजिनाच्या कॉम्प्रेसरला (आत आलेली हवा दाबणाऱ्या भागाला) ध्वनीपेक्षा वेगवान हवा चालत नाही, त्यामुळे तिप्पट वेगाने आत घुसणारी हवा इनटेकमध्येच (इंजिनाकडे हवा नेणाऱ्या तोंडात) आघात तरंगांच्या, म्हणजे हवेचा दाब एकाएकी वाढवणाऱ्या तरंगांच्या, मालिकेतून नेऊन ध्वनिवेगाच्या खाली आणावी लागते. या तरंगांपैकी शेवटचा तरंग इनटेकच्या सर्वांत अरुंद भागापाशी राखून ठेवण्यासाठी वेग वाढत जाईल तसा शंकू मागे सरकतो. एसआर-71चा शंकू सुमारे 66 सेंटीमीटर मागे जात असे. तरंग जागेवर राहिला तर येणाऱ्या हवेचा वेगच दाबात रूपांतरित होतो आणि इंजिनाला मोठी मदत मिळते. तो उसळून बाहेर पडला, तर त्या बाजूचा जोर क्षणात नाहीसा होतो आणि विमान त्याच बाजूला जोरात वळते. या घटनेला वैमानिक ‘अनस्टार्ट’ म्हणतात. एसआर-71मध्ये हा झटका इतका तीव्र असे की वैमानिकाचे हेल्मेट कॉकपिटच्या छतावर आदळे.

बहुतेक सिम्युलेटरमध्ये हा प्रसंग आपोआप घडत नाही. विमानाच्या रचनाकाराला तो स्वतः लिहून जोडावा लागतो. फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमध्ये विमानाचे वर्तन बहुधा वायुगतिकीय गुणांकांच्या (हवेची बले काढण्यासाठीच्या आकड्यांच्या) तक्त्यांतून काढले जाते. एक्स-प्लेन हे दुसरे सॉफ्टवेअर पंखांचे लहान लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्यावरील बलांचा हिशेब करते. परंतु शंकूची जागा, आघात तरंग आणि विमानाच्या पत्र्याचे तापमान या गोष्टी दोन्हीकडे वेगळ्या घालाव्या लागतात. ज्या रचनाकाराने या त्रासदायक गोष्टी घातल्या आहेत, त्याचेच विमान आम्ही चांगले मानतो. नुसता मॅक 3चा आकडा दाखवणाऱ्या विमानातून शिकण्यासारखे फार थोडे मिळते.

मॅक 3. या उंचीवर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 295 मीटर असतो, म्हणजे शलाका दर सेकंदाला सुमारे 885 मीटर पुढे जात आहे. तरीही कॉकपिटमध्ये वेगाची जाणीव होत नाही, कारण बाहेरच्या हवेची घनता जमिनीलगतच्या हवेच्या जेमतेम 5 टक्के आहे आणि पंखांना जाणवणारा दाब साधारण 400 नॉट (ताशी सुमारे 740 किलोमीटर) वेगाने जमिनीलगत उडणाऱ्या विमानाइतकाच आहे. नाक एका अंशाने वर गेले, तर मिनिटभरात विमान 900 मीटरहून अधिक वर चढते. जॉयस्टिकची संवेदनशीलता मध्यभागी कमी करून ठेवावी, असे आम्ही आग्रहाने सुचवतो. अर्ध्या अंशाच्या चुकीलाही इथे उंचीमापकावर शेकडो मीटरची शिक्षा असते.

वळण घेणे हे याहूनही कठीण आहे. विमान 60 अंशांनी कलवून, स्वतःच्या वजनाच्या दुप्पट भार सोसत समपातळीत वळले, तरी त्या वळणाची त्रिज्या सुमारे 46 किलोमीटर भरते आणि उलट दिशेला तोंड करायला पावणेतीन मिनिटे लागतात. कलण 30 अंशांवर आणल्यास त्रिज्या सुमारे 138 किलोमीटर होते. या वेगाला पाठलाग ही कल्पनाच लागू पडत नाही. लक्ष्य जिथे आहे तिथे नव्हे, तर ते जिथे पोहोचणार आहे तिथे आपले नाक आधीपासून रोखलेले असावे लागते. लक्ष्याची दिशा आपल्या नाकाच्या संदर्भात बदलत नसेल आणि अंतर मात्र घटत असेल, तर दोन्ही मार्ग एकाच बिंदूवर मिळणार हे निश्चित समजावे. समोरून सेकंदाला 250 मीटर वेगाने येणारे लक्ष्य 400 किलोमीटरवर असताना आपल्या हाती सहा मिनिटेही नसतात, आणि सुरुवातीची एका अंशाची चूक तेवढ्या अंतरात 7 किलोमीटरची होते.

या सहा मिनिटांत अदृश्य कसे राहायचे? रडारचा पल्ला लक्ष्याच्या परावर्तन-क्षेत्राच्या (ते रडारलहरी किती परत फेकते याच्या मापाच्या) चतुर्थमुळाच्या प्रमाणात बदलतो. हा पल्ला निम्मा करायचा, तर परावर्तन 16 पटींनी कमी करावे लागते. त्यासाठीच शलाकाच्या कडा ठरावीक दिशांना समांतर ठेवल्या आहेत, शस्त्रे पोटात आहेत आणि शेपटीचे पंख आत झुकलेले आहेत. वैमानिकाच्या हाती उरते ते असे की, शत्रूच्या रडारसमोर विमान उगीच कलवू नये, शस्त्रकप्प्याचे दरवाजे शक्य तितका कमी वेळ उघडे ठेवावेत आणि स्वतःचे रडार बंद ठेवून जमिनीवरून किंवा दुसऱ्या विमानाकडून आलेल्या माहितीवर चालावे. स्वतःचे रडार चालू करणे म्हणजे अंधारात कंदील पेटवणे होय.

आणि इथेच सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. मॅक 3 वेगात विमानावर अडणारी हवा सुमारे 330 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, आणि विमानाचा पुढचा भाग त्याच्या आसपास पोहोचतो. जमिनीवरच्या 15 अंशांच्या तुलनेत हे तापमान केल्विनमध्ये (निरपेक्ष शून्यापासून) मोजल्यास सुमारे दुप्पट आहे, आणि असे मोजलेले तापमान दुप्पट झाले की पृष्ठभागातून बाहेर पडणारी उष्णता 16 पट होते. जे 16 पट परावर्तन रचनाकाराने रडारपासून कष्टाने लपवले, तितक्याच पटीने वेग त्याला अवरक्त किरणांत (उष्णतेच्या अदृश्य किरणांत) उघडे पाडतो. सुमारे 330 अंशांच्या पृष्ठभागाची सर्वांत तीव्र प्रारणे 4.8 मायक्रॉन तरंगलांबीच्या जवळपास असतात, आणि 3 ते 5 मायक्रॉन हा तर अवरक्त संवेदकांचा नेहमीचा पट्टा आहे. शिवाय रडारलहरी शोषणारा लेप इतकी उष्णता सोसणारा असावा लागतो. ए-12 (एसआर-71चे पूर्वरूप) आणि एसआर-71 यांच्या काळात तर इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंचा झोत रडारवर उमटू नये म्हणून इंधनात सीझियमचे संयुग मिसळले जाई.

त्यामुळे शलाकाचा जाणता वैमानिक सर्व वेळ मॅक 3ने उडत नाही. लक्ष्याच्या दिशेची पहिली दोनशे किलोमीटर तो पूर्ण वेगाने कापतो, मग थ्रॉटल मागे घेऊन पत्र्याला थोडा निवू देतो, क्षेपणास्त्र सोडण्यापूर्वी नाक लक्ष्यावर स्थिर करतो आणि दरवाजे उघडून लगेच मिटतो. उंची आणि वेग यांचा वारसा क्षेपणास्त्राला मिळतो, आणि तेच या साऱ्या खटाटोपाचे फळ असते.

परतीची तयारी फार लवकर करावी लागते. सेकंदागणिक 1 मीटर प्रतिसेकंद या गतीने वेग कमी केला, तर 885वरून 250 मीटर प्रतिसेकंदावर येईपर्यंत सुमारे 360 किलोमीटर मागे पडतात. इंधन पुढच्या टाकीत येते, शंकू पुढे सरकतो, आणि त्रिकोणी पंख शेवटी नाक उंच धरून, पॅराशूट उघडून, धावपट्टीवर टेकतात.

उतरल्यावर नोंद उघडून मार्ग नकाशावर पाहायचा असतो. आजच्या उड्डाणात परतीचे वळण 20 सेकंद उशिरा सुरू झाले आणि विमान ठरल्यापेक्षा 17 किलोमीटरहून अधिक पुढे गेले. उजव्या इनटेकचा तरंग त्याच वळणात, कलण 60 अंशांच्या पुढे गेल्यानंतर बाहेर पडलेला दिसतो. पुढच्या उड्डाणाच्या कागदावर वळण सुरू करण्याचा बिंदू 18 किलोमीटर अलीकडे घेतला आहे आणि कलणाची मर्यादा 45 अंश लिहिली आहे.