सात तारखेच्या आत

(दृश्य: कारखान्याचं फाटक, सकाळची पाळी. नोटीस बोर्डावर टाचणीने लावलेला कागद.)

कागद अर्ध्या पानाचा. वर तारीख, खाली शिक्का, मधे दोन ओळी: ‘पुढील महिन्यापासून वेतन ७ ऐवजी १५ तारखेस जमा होईल. सर्वांनी नोंद घ्यावी.’

आत जाणारा प्रत्येक जण इथे जरा थबकतो. मनात हिशेब सुरू होतो. घरभाडं आठ तारखेला. कर्जाचा हप्ता दहाला, आणि त्या दिवशी खात्यात पैसे नसले की बँकेचा दंड वेगळा. वाण्याकडची वही महिनाअखेरच भरलेली असते.

मालकाला पगाराची तारीख बदलता येते का? पाचची सात करता येते. सातची पंधरा करता येत नाही.

वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याची सात तारीख संपायच्या आत हातात पडला पाहिजे, असं ती सांगते. रोजंदारी पाळी संपताना द्यायची, आठवड्याचा पगार साप्ताहिक सुट्टीच्या आधी. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं, तर सगळा हिशेब कामाच्या दोन दिवसांत. जुन्या कायद्यात हजार आणि त्याहून जास्त माणसांच्या कारखान्यांना दहा तारखेपर्यंत मुभा होती. ती आता गेली. २४ हजारांची पगारमर्यादाही गेली, म्हणजे कार्यालयातल्या व्यवस्थापकालाही हीच सात तारीख लागू.

(दृश्य: गिरणगावातली जुनी चाळ, बंद गिरणीची चिमणी.)

ही सात तारीख सहजासहजी मिळालेली नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरण्यांत महिनाभर राबल्यावर पगारासाठी पुढच्या महिन्याच्या दहा-पंधरा तारखेपर्यंत थांबावं लागे. तोवर पोट चालायचं ते उधारीवर आणि सावकारावर. १९३१ साली ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शाही श्रम आयोगाने नोंदवलं, की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोन-तृतीयांश कामगार कुटुंबं कर्जात आहेत. त्यानंतर १९३६ चा वेतन प्रदान कायदा आला. वर सांगितलेला जुना कायदा तो हाच, आणि सात तारीख त्यातूनच आली.

आजही नीट मोजून पाहा. एक तारखेला केलेल्या कामाचे पैसे पुढच्या सातला मिळतात, म्हणजे सदतीस दिवसांनी. एवढे दिवस कामगारच मालकाला उधार देत असतो, तेही बिनव्याजी. पंधरा तारीख म्हणजे त्या उधारीत आणखी आठ दिवसांची भर. ज्याच्या घरात महिनाअखेरीस शंभराची नोट उरत नाही, त्याच्याकडून ही उधारी मागणं मला तरी अन्यायाचंच वाटतं.

आणि पंधरवड्याचा पगार महिन्यावर न्यायचा असेल तर? मजुरीचा काळ आणि ती देण्याची रीत या कामगाराच्या सेवाशर्ती आहेत. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे त्या बदलण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यावी लागते. पण नोटीस दिली म्हणून सात तारखेची मर्यादा हलत नाही.

कंत्राटी कामगाराला एक उत्तर हमखास मिळतं: ‘वरून बिल आलं नाही.’ बिल येवो न येवो, पगार द्यायचा तो वेळेवरच. कंत्राटदाराने हात वर केले, तर ज्या कंपनीत काम चालतं तिच्यावर ती जबाबदारी येते.

(दृश्य: कामगार आयुक्त कार्यालयाचा जिना, हातात प्लास्टिकची पिशवी.)

पिशवीत हजेरी कार्ड, पगाराची पावती, बँकेचं पासबुक. पगाराची पावती देणं मालकाला बंधनकारक आहे. मिळत नसेल तर तीही मागायची. दावा कामगार स्वतः करू शकतो, त्याची युनियनही करू शकते. मुदत तीन वर्षांची. पगार दिला होता, हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं. आणि थकलेल्या रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार तिथल्या अधिकाऱ्याला आहे.

(दृश्य: पुन्हा नोटीस बोर्ड. एक हात मोबाइल वर धरतो.)

फोटो काढताना कागदावरची तारीख आणि शिक्का, दोन्ही आले पाहिजेत.