संत्र्याची साल आणि संगणकाचे गुण

भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन १९१० च्या सुमारास काही काळ नागपुरात हिशेबखात्याच्या नोकरीत होते, त्यामुळे त्यांच्यावर आपला थोडा हक्क आहे असं मी समजतो. विखुरताना रंग बदलणाऱ्या प्रकाशाचा त्यांचा शोध मात्र लागला कलकत्त्यात, २८ फेब्रुवारी १९२८ ला.

पदार्थावर लेझर टाकला की बहुतेक प्रकाश आला तसाच विखुरतो. कोटीत एखादा प्रकाशकण रेणूच्या कंपनाशी देवाणघेवाण करून रंग बदलून परततो. त्या थोडक्यांचा आलेख म्हणजे रामन वर्णपट. त्यातल्या उंचवट्यांना आम्ही शिखरं म्हणतो. ‘पीक’ हा इंग्रजी शब्द मुद्दामच टाळतो, कारण विदर्भात पीक म्हटलं की कपाशी डोळ्यांसमोर येते! रंग किती बदलला ते आकड्यात मोजतात (एकक : प्रति सेंटीमीटर). क्वार्ट्झचं ठळक शिखर ४६४ वर, हिऱ्याचं १३३२ वर. अनोळखी पदार्थाचा आलेख माहितीतल्या आलेखांशी ताडून पाहायचा, एवढंच आमचं काम. ते संगणक करतो, आणि आलेख किती जुळला त्याचे गुण देतो. खनिजांसाठी ‘रफ’ नावाचा संग्रह सगळ्यांना खुला आहे.

आता ही संत्र्याची साल. तिच्यावर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर टाकला की १००५, ११५७ आणि १५२५ च्या आसपास तीन शिखरं येतात. संगणक भरघोस गुण देऊन सांगतो : बीटा-कॅरोटीन. खरं तर सालीत कॅरोटिनॉइडांची, म्हणजे बीटा-कॅरोटीनसारख्या पिवळ्या-नारिंगी रंगद्रव्यांची, अख्खी भावंडं नांदतात, आणि त्यांची शिखरं इतकी जवळजवळ असतात की संगणकाला ती वेगळी काढता येत नाहीत. त्याच्या संग्रहात बीटा-कॅरोटीन होतं, म्हणून त्यानं तेच नाव घेतलं. संग्रहात जे नाही ते तो कधीच सांगणार नाही. पण ‘मला माहीत नाही’ असंही सहसा म्हणणार नाही. त्यातल्या त्यात जवळचा पाहून पहिला नंबर देऊन टाकतो.

गुण फसवतात त्याचं आणखी एक कारण आहे. नमुना स्वतःच चमकू लागला, म्हणजे प्रतिदीप्ती आली, की आलेखाखाली मोठा फुगवटा तयार होतो. तो आधी काढला नाही तर फुगवट्याशी फुगवटा जुळतो आणि गुण वाढतात. शिखरं बिचारी बाजूलाच राहतात.

मनसर-कांद्रीकडची काळी मँगनीज खनिजं तर वेगळाच वैताग. काळा रंग लेझर शोषतो, दगड तापतो, आणि आपण मोजतोय तोवर त्याचं दुसरंच काहीतरी झालेलं असतं. तिथे लेझर अगदी मंद ठेवायचा आणि मोजणीला वेळ द्यायचा. घाई केलीत तर तुम्ही स्वतःच बनवलेल्या खनिजाचं नाव सांगाल.

मघाशी एका काकांनी बेसॉल्टच्या पोकळीतला पांढरा खडा दिला. संगणक म्हणाला, कॅल्साइट. पण १०८५ च्या आसपासचं मोठं शिखर अरॅगोनाइटलाही असतं, रसायन एकच ना! म्हणून खालची छोटी शिखरं डोळ्यांनी पाहायची : कॅल्साइट असेल तर २८१ जवळ, अरॅगोनाइट असेल तर २०६ जवळ. काका, तुमच्या खड्याचं २८१ ला आहे. या वेळी संगणक बरोबर होता.