बिली मॉर्गन: गोलमधून साइडलाइनपर्यंत

(दृश्य: क्रोक पार्क, डब्लिन. जुनं, थोडं धूसर फुटेज. लाल जर्सीतली टीम मैदानात येते.)

1945 च्या सप्टेंबरमध्ये आयर्लंडच्या कॉर्क काउंटीने (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) कॅव्हनला हरवून ऑल आयर्लंड फायनल, म्हणजे गेलिक फुटबॉलची देशातली सगळ्यात मोठी मॅच, जिंकली, तेव्हा बिली मॉर्गन सात महिन्यांचा होता. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतला त्याचा जन्म, कॉर्कमधलाच. त्यानंतर कॉर्कला तो कप परत मिळायला 28 वर्षं लागली, आणि 1973 मध्ये जेव्हा मिळाला तेव्हा कॅप्टन होता हाच बिली, आणि खेळत होता गोलकीपर म्हणून.

त्या कपाचं नाव सॅम मॅग्वायर कप. हा सॅम मॅग्वायर कॉर्क काउंटीतल्याच डनमॅनवे भागातला. म्हणजे ज्या कपासाठी सगळा देश भांडतो त्यावर नाव आपल्या काउंटीच्या माणसाचं, आणि तो कप मात्र कायम दुसऱ्याच्या घरी. कॉर्कच्या लोकांना हे किती लागत असेल ते तुम्हीच बघा.

आधी हा खेळ काय आहे ते पटकन सांगतो, कारण आपल्याकडे बऱ्याच जणांनी गेलिक फुटबॉल बघितलेलाच नसतो. एका बाजूला 15 जण. बॉल हाताने पकडता येतो, लाथेने मारता येतो, पण हातात धरून धावत सुटता येत नाही, चार पावलांत बॉल जमिनीवर आपटायचा किंवा पायावर टाकून परत हातात घ्यायचा. गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा. आडव्या दांड्याच्या खालून जाळीत गेला तर गोल, त्याचे 3 पॉइंट, आणि दांड्याच्या वरून दोन खांबांच्या मधून गेला तर 1 पॉइंट (2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारला तर 2, पण या गोष्टीतल्या सगळ्या मॅच जुन्या नियमाच्या). स्कोअर लिहितात 3-17 असा, म्हणजे 3 गोल आणि 17 पॉइंट, एकूण 26. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हा खेळ हौशी आहे, पगार नाही. रविवारी 70 हजार लोकांसमोर फायनल खेळलेला माणूस नंतर परत आपापल्या नोकरीवर, शाळेत, शेतात.

आणि तुम्ही खेळता ते तुमच्या काउंटीसाठी. बोली लावून खेळाडू विकत घेणं वगैरे प्रकारच नाही. त्यामुळे हरलात तर ते घरापर्यंत येतं.

(दृश्य: गोलकीपर, उंच बॉल, चारपाच जण एकदम उडी मारतात.)

आता गोलकीपर. आजचा गेलिक गोलकीपर म्हणजे टीमचा पहिला अटॅक झालाय, डब्लिनच्या स्टीफन क्लक्स्टनने किकआऊटचं, म्हणजे गोलकीपर बॉल मारून खेळ परत सुरू करतो त्याचं, असं काही केलं की त्याच्यानंतर सगळ्यांना ते शिकावं लागलं, आणि 2011 च्या फायनलमध्ये शेवटची फ्री किक मारून केरीविरुद्ध मॅच जिंकून दिली ती पण त्यानेच, गोल सोडून पुढे येऊन. पण 60 आणि 70 च्या दशकात असं नव्हतं. किकआऊट म्हणजे मारा लांब, मधे जो उंच उडी मारेल त्याचा बॉल. गोलकीपरचं काम एकच, समोरून उंच बॉल येणार आणि त्याच्यासोबत दोनतीन धिप्पाड माणसं येणार, त्या धक्काबुक्कीत बॉल पकडायचा आणि हातातून सोडायचा नाही.

बिली 1966 मध्ये कॉर्कच्या सीनियर टीममध्ये आला. दुसऱ्याच वर्षी, 1967 ला, ऑल आयर्लंड फायनल. समोर मीथ. कॉर्क हरली, 1-9 विरुद्ध 0-9, बरोब्बर एका गोलचा फरक. गोलकीपरला असा फरक कसा दिसत असेल याचा मी बऱ्याचदा विचार करतो. पॉइंट दोघांचे सारखे, आणि मधला एकच बॉल जाळीत गेलेला. मीथ हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

मग आलं 1973. बिलीचा क्लब नीमो रेंजर्स, कॉर्क शहराच्या दक्षिण भागातला. 1972 मध्ये या क्लबने पहिल्यांदा काउंटीची सीनियर चॅम्पियनशिप जिंकली, आणि कॉर्कची पद्धत तेव्हा अशी होती की जो क्लब काउंटी चॅम्पियन त्याने पुढच्या वर्षीचा काउंटीचा कॅप्टन द्यायचा. त्यांनी बिलीला दिलं. आणि काय वर्ष गेलं त्याचं! आधी नीमोने डब्लिनच्या सेंट व्हिन्सेंट्सला रीप्लेत, म्हणजे बरोबरी झाल्यावर परत खेळलेल्या मॅचमध्ये, हरवून क्लबची ऑल आयर्लंड जिंकली. मग मन्स्टर प्रांताच्या फायनलमध्ये कॉर्कने केरीला 5 गोल मारले. सेमीफायनलमध्ये टिरोनला परत 5. आणि फायनलमध्ये गॉलवेविरुद्ध 3-17 ते 2-13. 19 वर्षांच्या जिमी बॅरी-मर्फीने त्यात 2 गोल मारले, पोरगा अजून मिसरूड फुटायच्या वयाचा. बिलीने कप उचलला, ऑल स्टार टीममध्ये, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम 15 जणांत, आला, आणि त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू पण तोच. गोलकीपरला असा मान मिळणं किती दुर्मिळ ते वेगळं सांगायला नको, लोकांना गोल मारणारे आठवतात, अडवणारे नाही.

सगळ्यांना वाटलं आता ही टीम चारपाच कप घेणार. 1974 ला सेमीफायनलमध्ये डब्लिनने हरवलं. ठीक आहे, होतं असं. आणि 1975 ला केरीला मिक ओ'ड्वायर नावाचा कोच मिळाला.

(दृश्य: केरीची हिरवी-सोनेरी जर्सी. एकामागून एक फायनल.)

कॉर्क आणि केरी शेजारी काउंट्या, दोन्ही मन्स्टर प्रांतातल्या. तेव्हा नियम असा होता की प्रांतात हरलात की वर्ष संपलं. दुसरी संधी नाही, मागचा दरवाजा नाही, काही नाही. आणि ओ'ड्वायरच्या केरीने 1975 ते 1986 मध्ये 8 वेळा ऑल आयर्लंड जिंकली. आता विचार करा, तुम्ही देशातली दुसऱ्या नंबरची टीम असाल, कदाचित, पण पहिल्या नंबरची टीम तुमच्या दारात राहते आणि जुलै महिन्यातच तुम्हाला घरी पाठवते. 1975, 76, 77, 78, 79, 80, 81, दर वर्षी मन्स्टर केरीने नेलं. 1976 ला तर कॉर्कच्या नव्याकोऱ्या पार्क ई क्वीव स्टेडियमवर मॅच आधी बरोबरीत सुटली, मग रीप्ले, रीप्लेत पण एक्स्ट्रा टाइम, आणि शेवटी केरीच. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच. त्या बहुतेक सगळ्या वर्षांत गोलमध्ये उभा असलेला माणूस बिली मॉर्गन.

1981 ला तो काउंटीकडून खेळायचा थांबला. 16 सीझन झाले होते, ऑल आयर्लंड एक.

मला विचाराल तर बिलीचं कोचिंग या सात वर्षांत तयार झालं. गोलकीपरला सगळं मैदान समोर दिसतं, कोण दमलाय, कोण आपला माणूस सोडून पळतोय, कुठे भगदाड पडलंय, आणि त्याला धावून जाऊन काही करता येत नाही, फक्त ओरडता येतं. पुढे साइडलाइनवर त्याला ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, तिथे पण तो कधी शांत बसला नाही.

मधे काही काळ तो न्यूयॉर्कला होता. 1986 च्या शेवटी परत आला आणि कॉर्कची टीम हातात घेतली. त्याने काय बदललं असं विचारलं तर डावपेचांची मोठी यादी नाही देता येणार. फिटनेस वाढवला, सराव कडक केला, ते सगळं आहेच. पण मुख्य म्हणजे केरी जन्मतःच आपल्यापेक्षा भारी आहे ही जी गोष्ट कॉर्कच्या पोरांच्या डोक्यात बसली होती ती त्याने मान्यच केली नाही. सात वर्षं त्यांच्याकडून हरलेला माणूस हे बोलतोय म्हटल्यावर पोरांना ऐकावंच लागलं असणार.

त्यात मूळचे किल्डेअरचे दोन खेळाडू कॉर्ककडून खेळायला लागले, लॅरी टॉम्पकिन्स आणि शे फाही. टॉम्पकिन्सची फ्री किक म्हणजे बँकेत ठेवलेले पैसे.

1987, मन्स्टर फायनल, पार्क ई क्वीव. अगदी शेवटी केरीच्या मायकी शीहीने गोल मारला आणि कॉर्कच्या लोकांना वाटलं झालं, परत तेच. तेवढ्यात कॉर्कला फ्री मिळाली आणि टॉम्पकिन्सने ती खांबांच्या मधून घातली. बरोबरी. रीप्ले किलार्नीला, म्हणजे केरीच्याच घरी, आणि तिथे कॉर्कने त्यांना 0-13 ते 1-5 असं साफ हरवलं. ओ'ड्वायरच्या त्या टीमने नंतर एकही ऑल आयर्लंड जिंकली नाही.

आता वाटेल की गोष्ट इथे सुखात संपली. नाही. फायनलमध्ये समोर कोण? मीथ. 20 वर्षांपूर्वीची तीच मीथ. आणि 1987 ला कॉर्क हरली.

1988 ला परत फायनल, परत मीथ. कॉर्क एका पॉइंटने पुढे, वेळ संपत आलेली, आणि ब्रायन स्टॅफर्डने फ्री किक मारून बरोबरी केली. तीन आठवड्यांनी रीप्ले. सुरुवातीच्याच काही मिनिटांत मीथच्या गेरी मॅकएन्टीला बाहेर काढलं, म्हणजे जवळजवळ पूर्ण मॅच मीथ 14 जणांनी खेळली. कॉर्क 15. आणि मीथ जिंकली, 0-13 ते 0-12. एका पॉइंटने.

हे मी जेव्हा पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं. 15 विरुद्ध 14 असून हरणं हे खेळाडू आयुष्यभर विसरत नाही, आणि कोच तर अजिबात नाही, कारण लोक त्यालाच विचारणार की एक माणूस जास्त होता, त्याचं काय केलंस?

1989 ला तिसऱ्यांदा फायनल, लागोपाठ. या वेळी समोर मेयो. कॅप्टन डिनी ॲलन, नीमोचाच, बिलीसोबत खेळलेला, वय 37. कॉर्कने एकही गोल न मारता 17 पॉइंट काढले, 0-17 ते 1-11, आणि 16 वर्षांनी कप कॉर्कला आला. पण मीथला हरवलं नव्हतं ना. कुणी मोठ्याने म्हटलं नसेल तरी ती सल होतीच.

(दृश्य: सप्टेंबर 1990. क्रोक पार्क, गच्च भरलेलं.)

1990. इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

त्या वर्षी 2 सप्टेंबरला कॉर्कच्या हर्लिंग टीमने गॉलवेला हरवून ऑल आयर्लंड जिंकली. हर्लिंग म्हणजे तिकडचा दुसरा मोठा खेळ, लाकडी काठी आणि छोटा बॉल. दोन आठवड्यांनी फुटबॉलची फायनल. एकाच वर्षी दोन्ही कप एका काउंटीने घेणं याला डबल म्हणतात, आणि कॉर्कने ते याआधी केलं होतं 1890 मध्ये. बरोबर 100 वर्षांपूर्वी. आणि एक माणूस दोन्ही टीममध्ये खेळत होता, टेडी मॅकार्थी. एकाच वर्षी दोन्ही खेळांची सीनियर ऑल आयर्लंड फायनल खेळून जिंकलेला तो एकटाच, आजपर्यंत. 2023 ला तो गेला, वय फक्त 57.

आणि समोर कोण होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. मीथ.

हाफटाइमच्या आधी कॉर्कच्या कोल्म ओ'नीलला रेफरीने बाहेर काढलं. आता कॉर्क 14, मीथ 15. दोन वर्षांपूर्वीचाच प्रसंग, फक्त बाजू उलटलेल्या. पूर्ण सेकंड हाफ एक माणूस कमी. 14 जणांनी 15 जणांचं पळायचं, ते पण मीथसारख्या दणकट टीमसमोर, जिने चार वर्षांत दोन फायनलमध्ये तुम्हाला पाडलंय.

कॉर्क जिंकली. 0-11 ते 0-9. एकही गोल नाही, दोन्ही बाजूला नाही, सगळे पॉइंट मोजून मोजून काढलेले. सुंदर मॅच होती असं कुणी म्हणणार नाही. पण ज्याला 1967, 87 आणि 88 माहितीये त्याने ती श्वास रोखून बघितली असणार. लॅरी टॉम्पकिन्स कॅप्टन होता, कप त्याने उचलला. आणि लागोपाठ दोन वर्षं फुटबॉलची ऑल आयर्लंड कॉर्कने त्याआधी कधीच जिंकली नव्हती.

पुढचं भराभर सांगतो. 1993 ला बिलीची टीम परत फायनलला गेली, डेरीकडून हरली, टोनी डेव्हिसला बाहेर काढलं होतं आणि त्या निर्णयावर लोक अजून वाद घालतात. 94, 95 ला मन्स्टर जिंकलं. 1996 नंतर त्याने टीम सोडली आणि ती गेली टॉम्पकिन्सकडे. त्यानेही 1999 ला फायनल गाठली, आणि हरला तो पण मीथकडूनच, काय बोलायचं.

2004 च्या सीझनला बिली परत आला. आता खेळ बदलला होता, प्रांतात हरलं तरी मागच्या दाराने परत यायची सोय झाली होती. 70 च्या दशकात हेच त्याला हवं होतं. आणि झालं काय, या मागच्या दारानेच केरी परत परत समोर यायला लागली. 2006 ला कॉर्कने मन्स्टर फायनलच्या रीप्लेत केरीला हरवलं, आणि त्याच उन्हाळ्यात सेमीफायनलमध्ये केरीने कॉर्कला. 2007 ला मन्स्टरमध्ये केरी दोन पॉइंटने जिंकली, मग कॉर्कने सेमीफायनलमध्ये मीथला हरवलं, मोठ्या फरकाने, आणि पहिल्यांदाच ऑल आयर्लंड फायनल कॉर्क विरुद्ध केरी झाली. तिथे 3-13 ते 1-9, केरी. पहिला गोल एका उंच बॉलवर आला, कोल्म कूपरने गोलकीपरच्या आधी हात लावला. साइडलाइनवर उभ्या असलेल्या बिलीला तो बॉल सगळ्यांपेक्षा आधी कळला असेल असं मला वाटतं, 16 वर्षं त्याने तेच बॉल पकडले होते.

त्या फायनलनंतर त्याने काउंटीची टीम सोडली. तीन वर्षांनी, 2010 ला, कॉर्कने डाऊनला एका पॉइंटने हरवून कप घेतला, कोच होता कॉनर कूनिहन, जो बिलीच्या 89 आणि 90 च्या टीममधला डिफेंडर.

आणि बिली? तो गेला कॉलेजच्या पोरांकडे. युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्क (यूसीसी), जिथे तो स्वतः शिकला होता. युनिव्हर्सिटींची जी मोठी स्पर्धा असते, सिगरसन कप, ती त्याच्या हाताखाली यूसीसीने 2011 ला जिंकली, 2014 ला जिंकली, आणि 2019 ला परत. 2019 च्या फेब्रुवारीत त्याने 74 पूर्ण केली होती आणि समोरची पोरं विशीच्या आसपासची.

त्या टीममध्ये केरीची पोरंही होती. शेजारच्या काउंटीतून कॉर्कला शिकायला आलेली, आणि फेब्रुवारीच्या चिखलात बिली मॉर्गन जे ओरडून सांगेल ते ऐकून पळणारी.

(दृश्य: ओलं मैदान, एच गोलपोस्ट, किकआऊट. आवाज हळूहळू बंद.)