पाणी चाळीसला आलंय

(सांगलीत भाषाशिक्षक आणि वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आपल्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा चालू असताना नुसतं कान देऊन उभं राहिलं, तरी अलंकारांचं निम्मं प्रकरण कळतं. शेतकरी हळकुंड मोडून आतला रंग दाखवतो आणि म्हणतो, 'सोन्यासारखा माल आहे.' ही उपमा. हळद इकडे, सोनं तिकडे, मधे 'सारखा' हा शब्द. मनासारखा भाव येईना की तोच म्हणतो, 'ही हळद म्हणजे सोनंच!' मधला शब्द गळाला, झालं रूपक. आणखी चढला की, 'हळद नव्हे हो, सोनं आहे,' इथे हळदीचं हळदपणच नाकारलं, ही अपन्हुती. शेवटी 'सोनं फिकं पडेल हिच्यापुढं' म्हणजे व्यतिरेक. पोत्यातला माल तोच आहे. बदलत गेला तो बोलणाऱ्याचा आग्रह, आणि अलंकारातून आपल्याला तो आग्रह मोजता येतो.

वर्गात आपण काय करतो? 'अलंकार ओळखा' म्हणतो, मुलं नाव लिहितात, गुण मिळतो, पुढचा प्रश्न. ज्ञानेश्वरीतली 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजा जिंके' ही ओवी घ्या. उत्तर 'व्यतिरेक', बरोबरच आहे. पण 'माझी मराठी अमृताहून गोड' असं म्हटलं असतं तरीही व्यतिरेक झालाच असता. मग 'पैजा' हा शब्द कशासाठी? पैज लावायची तर समोर प्रतिस्पर्धी हवा, बघायला चार माणसं हवीत आणि हरलो तर मान खाली घालायची तयारी हवी. १२९० साली, गीतेचा अर्थ संस्कृतातून सांगण्याचा प्रघात असताना, लोकांच्या बोलीच्या वतीनं कोणीतरी थेट अमृताशी पैज लावतंय! त्या ओवीतलं धाडस या एका शब्दात आहे. अलंकाराचं नाव लिहून थांबलेल्या मुलाला ते दिसत नाही, आणि मला याचं फार वाईट वाटतं. ते मूल हुशार असतं, आपणच त्याला लवकर थांबवलेलं असतं.

आता लक्षणेकडे येऊ, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ बसेना तेव्हा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणं. 'गल्लोगल्ली क्लासचं पेव फुटलंय' असं आपण सहज म्हणतो. पेव म्हणजे काय, हे पुण्यामुंबईच्या मुलाला शब्दकोशात बघावं लागेल. तुम्हाला सांगलीशेजारच्या हरिपूरपर्यंत गेलं की पुरे. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस अशी ही कोठारं. हळद भरून तोंड मातीनं बंद केलं की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी हवा जाऊ द्यायची, नाहीतर जीव गुदमरतो. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं निकामी झाली. असं दाबून भरलेलं कोठार फुटलं तर माल कसा भसाभस बाहेर येईल, ते डोळ्यांपुढं आणा, म्हणजे वाक्प्रचार पाठ करावा लागत नाही. शास्त्रकार सांगतात की मूळ अर्थ अडला पाहिजे, नव्या अर्थाचं त्याच्याशी नातं पाहिजे आणि तसं बोलण्याची रूढी किंवा काही प्रयोजन पाहिजे. क्लासला पेव नसतं, इथे अर्थ अडला. एकदम उसळून येणं, हे नातं. बाकीचं काम रूढीनं केलं. मुलांना 'अर्थ कुठं अडला?' एवढंच विचारून बघा. त्या अडण्यापाशी ती आपोआप विचार करू लागतात.

व्यंजनेची, म्हणजे न बोलता सुचवलेल्या अर्थाची, गोष्ट याहून खोल आहे, कारण तिथं काही अडतच नाही. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटानं 'काव्यप्रकाश' या ग्रंथात अकराव्या शतकात एक साधं वाक्य घेतलं आहे, 'सूर्य मावळला.' शब्द सरळ, अर्थ सरळ. पण गुराख्याला त्यातून कळतं की गुरं वळवायला हवीत, उपासना करणाऱ्याला कळतं की संध्येची वेळ झाली, आणि वाट बघणारीला कळतं की तो अजून आला नाही. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धनानं याच सूचित अर्थाला ध्वनी म्हटलं आणि काव्याचा आत्मा मानलं.

त्या सूर्याच्या तोडीचं वाक्य आपल्या गावात दर पावसाळ्यात बोललं जातं. 'पाणी चाळीसला आलंय.' आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी चाळीस फूट, म्हणजे इशारा पातळी, एवढाच वाच्यार्थ. पण दुकानदार हे ऐकतो आणि खालच्या फळीवरचा माल वर चढवतो. नदीकाठचा माणूस म्हशींचं दावं सोडायला उठतो. आजी देव्हाऱ्यातले देव पिशवीत घालते. यातलं एकही काम त्या तीन शब्दांत सांगितलेलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी पुढं सत्तावन्न फुटांवर गेलं. त्याआधी, चाळीसला असताना, आमच्या शेजारच्या काकूंनी पुण्याच्या भावाला फोन लावला होता. मी तिथंच उभा होतो. काकू आकडा सांगून गप्प झाल्या. 'या' म्हणाल्या नाहीत, 'येऊ का?' असंही विचारलं नाही. भाऊ याच गावात वाढलेला. तो पलीकडून एवढंच म्हणाला, 'मधली खोली रिकामी करून ठेवतो, अक्का.'