गव्हले: चिमटीतली सुट्टी

(दृश्य: खानापूर तालुक्यातल्या एका घराचा सोपा. मे महिना. सुपात पांढरे दाणे.)

हे तांदूळ नव्हेत, गव्हले आहेत. यातला एकेक दाणा खिरीसाठी हातानं वळलाय.

लग्न ठरलं की हळकुंड फोडायचं आणि गव्हले वळायचे, ही कामं आधी. बेळगाव भागात लग्नसराई आणि शाळेची सुट्टी एकदमच येते, त्यामुळे मुलंही आयतीच हाताशी सापडतात.

बारीक रवा दुधात घट्ट भिजवून, कुटून मऊ केलाय. आज्जी वाटाण्याएवढा गोळा घेते, तळव्यावर त्याची सुतासारखी वळी करते. मग अंगठा आणि तर्जनीत टोक धरून एक हलका पीळ, की दाणा सुपात. दोन्ही टोकं निमुळती, मध्ये किंचित फुगीर.

सात वर्षांच्या नातवाचा दाणा मात्र शेंगदाण्याएवढा.

"दाबू नको की रे, वळ!"

त्याचा तरी काय दोष? चिमूट मुलाला वर्षाचं होता होता जमते. तिच्यातला जोर बेतानं वापरायला पुढं कितीतरी वर्षं लागतात. हातात 27 हाडं. त्यातली मनगटाची जन्मतः नुसती कूर्चा, म्हणजे हाडाआधीचा मऊ भाग, असतात आणि शाळेच्या वयातही ती घट्ट होतच असतात. पेन्सिल धरायची तीही याच बोटांनी, याच मनगटाच्या आधारानं.

शेजारची मुलगी कन्नड शाळेत जाते. तिचे दाणे जिऱ्यासारखे बारीक. ती त्याला सांगते, "सण्ण माडु." बारीक कर. त्याला कन्नड कळतं, बोटांना कळत नाही.

नखुल्यांत, म्हणजे नखानं वळायच्या दाण्यांत, मात्र तो सरस. पाटावर इवलीशी गोळी ठेवायची, अंगठ्याच्या नखानं दाबत मागं ओढायची. ती आपसूक आत वळते. इथं छोटं नखच कामाचं. नव्या फणीच्या दातांवर दाबली तर वर रेघाही उमटतात.

बोटांच्या सरावासाठी बाजारात हल्ली मणी आणि चिमट्यांचे संच मिळतात. वाईट नाहीत. त्यांची खीर होत नाही, इतकंच.

(दृश्य: स्वयंपाकघर. चुलीवर पातेलं.)

लग्नाचे गव्हले सावलीत वाळून डब्यात जातील. नातवाचे आज्जीनं वेगळे काढलेत. ते आत्ताच तुपावर परतून दुधात पडलेत. जाड दाणा शिजायला वेळ घेतो. तो दोनदा पातेल्यात डोकावून गेलाय.