श्वासनलिका म्हणजे नेमकी कोणती नळी?

नमस्कार. 'श्वासनलिका' हा शब्द आपण शाळेपासून ऐकतो, पण बोलण्याच्या ओघात तो घशापासून फुफ्फुसांपर्यंतच्या सगळ्याच हवामार्गाला लावून मोकळे होतो. शरीररचनाशास्त्रात, आणि वैद्यकीय अहवालात जिथे 'ट्रॅकिया' असे लिहिलेले असते तिथेही, या शब्दाचा अर्थ एका ठरावीक नळीपुरताच आहे.

तिची जागा बोटाने सहज ओळखता येते. मानेच्या पुढच्या बाजूला, मधोमध, अगदी अलगद बोट ठेवा. वर जो उंचवटा लागतो तो कंठमणी, म्हणजे स्वरयंत्राचा भाग. तिथून बोट खाली सरकवले की अंगठीसारखी एक टणक कडी लागते. इथे स्वरयंत्र संपते आणि तिच्या खालच्या कडेपासून श्वासनलिका सुरू होते. छातीच्या मधल्या हाडाच्या वर जो खळगा आहे, तिथपर्यंत ती बोटाला जाणवते. पुढे ती छातीत उतरते आणि त्या हाडाच्या मागे तिचे दोन फाटे होतात. प्रौढ माणसात ही सगळी लांबी साधारण 10 ते 12 सेंटिमीटर भरते.

नळीचा खडबडीतपणा कास्थींच्या, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक अशा ऊतींच्या, कड्यांमुळे असतो. या 16 ते 20 कड्या पूर्ण गोल नसून मागच्या बाजूला उघड्या असतात आणि ती फट स्नायूने सांधलेली असते. पुढच्या कास्थींमुळे श्वास आत ओढताना नळी मिटत नाही, तर मागचा भाग मऊ राहिल्याने, लगेच पाठीमागे असलेल्या अन्ननलिकेला घास उतरताना फुगायला जागा मिळते.

'ट्रॅकिया' या नावातही हाच खडबडीतपणा आहे. प्राचीन ग्रीकांनी या नळीला 'खडबडीत धमनी' म्हटले होते. मृत शरीरात धमन्या बहुधा रिकाम्या आढळत, त्यामुळे त्यांतून हवाच वाहते असा तेव्हा समज होता. दुसऱ्या शतकात गेलेन या ग्रीक वैद्याने धमन्यांत रक्त असते हे दाखवून दिले. पुढे 'धमनी' हा शब्द रक्तवाहिन्यांकडेच राहिला आणि श्वासनलिकेच्या वाट्याला नुसते 'खडबडीत' हे विशेषण आले.

आता वापराकडे वळू, कारण खरा घोटाळा तिथे होतो. "दम्यात श्वासनलिका आकुंचन पावतात" हे वाक्य आपण नेहमी वाचतो. त्यातले अनेकवचन नीट पाहा. माणसाला श्वासनलिका एकच असते. दम्यात अरुंद होतात त्या प्रामुख्याने तिच्या फाट्यांपासून पुढे फुटणाऱ्या लहान-लहान शाखा. मुख्य फाट्यांना 'श्वसनी' आणि बारीक शाखांना 'श्वसनिका' असे स्वतंत्र शब्द मराठीत आहेत, आणि माझ्या मते आरोग्याविषयी लिहिणाऱ्यांनी ते आवर्जून वापरावेत, कारण सगळ्याला एकच नाव दिले की आजार नेमका कुठे आहे हे रुग्णाला कळत नाही. उजवी श्वसनी डावीपेक्षा रुंद, आखूड आणि अधिक उभी असते, म्हणून लहान मुलाच्या श्वासमार्गात गेलेला दाणा बहुतेकदा उजव्या बाजूला सापडतो. "दाणा श्वासनलिकेत अडकला" एवढ्या सांगण्यातून ही गोष्ट निसटून जाते. कीटकांच्या बाबतीत मात्र अनेकवचनच बरोबर आहे. त्यांच्या अंगभर अशा नलिकांचे जाळे असते आणि ते रक्ताच्या मध्यस्थीशिवाय थेट ऊतींपर्यंत हवा पोहोचवते.

छातीच्या एक्स-रे अहवालात "श्वासनलिका मध्यरेषेत आहे" असे लिहिलेले दिसले, तर ती सामान्य स्थितीची नोंद आहे असे समजावे. फुफ्फुसाभोवती खूप हवा किंवा पाणी साठले तर नळी विरुद्ध बाजूला ढकलली जाते. फुफ्फुसाचा मोठा भाग आकसला तर ती त्याच बाजूला ओढली जाते. म्हणूनच तपासताना डॉक्टर छातीच्या मधल्या हाडावरच्या खळग्यात बोट ठेवून तिची जागा पाहतात.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांसाठी आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. "श्वासनलिकेत नळी घातली आहे" याचा अर्थ सहसा तोंडावाटे, स्वरतंतूंमधून नळी आत सरकवली आहे असा होतो. 'ट्रॅकिऑस्टॉमी' म्हणजे मानेच्या पुढच्या बाजूने श्वासनलिकेलाच छेद देऊन तिथून नळी बसवणे. कृत्रिम श्वास बरेच दिवस लागणार असेल, तर पुष्कळदा हा मार्ग निवडला जातो. हा छेद स्वरयंत्राच्या खाली असल्याने हवा स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही आणि रुग्णाचा आवाज उमटत नाही. ते पाहून घरचे लोक हादरतात, पण याचा अर्थ वाचा कायमची गेली असा नव्हे. प्रकृती सुधारल्यावर अनेक रुग्णांना विशिष्ट झडप बसवून बोलता येते, आणि गरज संपल्यावर नळी काढली की तो छेद बहुतेक वेळा आपोआप भरून येतो.