तेराचा पाना

श्रोते हो, नमस्कार. पाना हातात घेतला की त्यावरचा आकडा वाचता ना? दहा, बारा, तेरा. हा आकडा बोल्टच्या डोक्याचा, म्हणजे डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. आट्यांच्या जाडीचा नव्हे. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला सहसा १० चा पाना लागतो. पुन्हा सांगतो, आकडा डोक्याचा.

मला हे ठाऊक होतं, तरी फसलो. गणेश चवथीचा आदला दिवस. घर पाहुण्यांनी भरलेलं आणि विहिरीवरचा पंप पाणी ओढेना. मुलं माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-फुलांची चौकट, बांधत होती, तीही प्लॅस्टिकच्या सुतळीने. रानातले दोर आणायला आता कुणाला वेळ नाही, असो. पंप वडिलांच्या वेळचा, पावसाने बोल्ट गंजलेले. पेटीत तेराचा उघड्या तोंडाचा पाना मिळाला. लावला, तर जरासा डुलत होता. म्हटलं, चालेल. दोन्ही हातांनी जोर केला आणि खट्! पाना सटकला, बोटांची सालं विहिरीच्या चिऱ्यावर राहिली आणि बोल्टचे कोपरे झिजून डोकं लाडवासारखं गोल.

शेजारचे काका गोव्यातल्या डिचोलीकडे खाणीवर फिटर होते. वाकून बघितलं आणि म्हणाले, "हो बोल्ट इंचाचो न्हय रे?" म्हणजे बोल्ट मिलिमीटरच्या नव्हे, इंचाच्या मापाचा. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. फरक ०.३ चा, पण गंजाने डोकं आणखी बारीक झालेलं. शिवाय उघड्या तोंडाच्या पान्याचा जोर दोनच कोपऱ्यांवर येतो, रिंग पाना सहाही कोपरे धरतो. काकांनी बोल्टवर रॉकेल ओतलं, चहा मागितला आणि अर्धा तास खाणीच्या गप्पा मारल्या. मग कानशीने डोक्याच्या दोन बाजू घासून बाराचा पाना हलकेच ठोकून बसवला. पाना ढकलला नाही, आपल्याकडे ओढला. कर्र करून बोल्ट फिरला. आतलं पॅकिंग फाटलं होतं, ते सायकलच्या ट्यूबचं कापून घातलं. दिवेलागणीला पाणी आलं.

तेव्हा पाना लावलात की जोर करण्याआधी हलवून बघा. डुलला तर काढा. १९ चा पाना पाऊण इंचाला चालतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५. अर्ध्या इंचाला मात्र तेरा नको. पान्याला पाईप जोडून लांबीही वाढवू नका. लहान पाना आखूड असतो तो बोल्ट तुटू नये म्हणूनच. आणि तोंड लहान-मोठं करता येणारा स्लायडिंग पाना? माझ्या मते तो घरात ठेवूच नये. सगळ्याला लागतो आणि सगळ्यांचे कोपरे खातो.

काका जाताना तो तेराचा पाना मागून घेऊन गेले, मोटारसायकलसाठी म्हणे. पुढची चवथ आली, अजून त्यांच्याकडेच आहे.